हत्ती कुठल्या बाजूला?

माझा भाचा अमेरिकेत आयोवा नावाच्या राज्यात असतो. हे राज्य शिकागोच्या अलीकडे की पलीकडे, यावरून आमच्या दोन मावश्यांचं एका लग्नात वाजलं होतं. वधूवर पाया पडायला आले तेव्हा कुठे तो विषय मिटला. तर या भाच्याने गेल्या गणपतीत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो टाकला. मागे पांढऱ्या फळ्यांचं एक बुटकं घर. त्याच्या माळ्याला चर्चला असते तशी टोकदार कमानीची एक खिडकी. घरापुढे भाचा आणि भाचेसून. भाच्याच्या अंगात काळा कोट, हातात पेंढा उचलायचा तीन दातांचा काटा. सुनेने केस चापून बसवलेले, गळ्याशी एक पदक. आणि दोघांच्या तोंडावर, आत्ताच कुणीतरी हातउसने मागितल्यासारखा भाव.

ग्रुपवर धांदल उडाली. सात जणांनी 'घर घेतल्याबद्दल' अभिनंदन केलं. एकाने वास्तुशांतीची तारीख विचारली. बोरिवलीच्या काकांनी 'लोकेशन उत्तम, पण रंग काढून घ्या' असा सल्ला दिला. मुलुंडच्या धाकट्या मावशीने मात्र मला वेगळा फोन करून, आवाज उतरवून विचारलं, "दोघांचं काही बिनसलंय का रे? तिचा चेहरा बघ ना. आणि याच्या हातात ते कशाला?"

उलगडा करायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात मी 'चित्रांतला' समजला जातो. वास्तविक माझी हयात ऑफसेट छापखान्यात गेली. लग्नपत्रिका, औषधांची खोकी, पतपेढ्यांची कॅलेंडरं. चित्र कसं असावं यातलं मला काही कळत नाही. छापताना ते कुठे बिघडतं एवढंच कळतं. पण एवढ्या भांडवलावर मी तीस वर्षं नातेवाइकांच्या मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवत आलोय, त्यामुळे आता माघार घेता येत नाही.

ते घर एल्डन नावाच्या गावात आहे. गाव म्हणजे हजाराच्या आतली वस्ती. आमच्या सोसायटीच्या तीन विंग मिळून तेवढी माणसं सहज भरतील. चार्ल्स डिबल नावाच्या गृहस्थाने १८८१-८२च्या सुमारास ते बांधलं. त्यात नवल काही नाही. लाकडाचं साधं घर, शेतकऱ्याचं म्हणून खपेल असं. फक्त दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींत त्याने एकेक गॉथिक खिडकी बसवली. गॉथिक म्हणजे काय ते रोज व्हीटीला उतरणाऱ्याला सांगायला नको. तिथल्या कमानी दगडाच्या, त्यांच्यावर सिंह-वाघ आणि वेलबुट्टी, आणि खाली आपण लोकल पकडायला पळतोय. तीच कमान एका फळकुटाच्या घराला लावली तर जे होईल, ते एल्डनमध्ये झालं.

१९३० सालच्या ऑगस्टमध्ये ग्रँट वुड नावाचा एकोणचाळीस वर्षांचा चित्रकार या गावात आला होता. त्याला ती खिडकी दिसली आणि हसू आलं. एवढंसं घर आणि केवढा हा थाट! त्याने हाताशी होतं त्या पाकिटाच्या पाठीवर घराचं रेखाटन केलं, म्हणतात. दुसऱ्या दिवशी घरच्यांची परवानगी घेऊन दारातच एक छोटं तैलरेखाटन उरकलं आणि तो आपल्या गावी, सीडर रॅपिड्सला परतला. तिथे त्याने विचार केला, की अशा घरात राहणारी माणसं कशी असतील? घरात खरंच कोण राहतं याची त्याने चौकशी केली नाही. एका अर्थी बरंच केलं. चौकशी केली असती तर घरमालक फोटोला उभा राहतो तसा हसत उभा राहिला असता.

मग त्याने आपल्या तिशीच्या बहिणीला, नॅनला, उभं केलं. तिच्या शेजारी शेतकरी म्हणून उभा केला तो आपला दातांचा डॉक्टर, बायरन मॅकीबी, वय बासष्ट. ही दोघं एकत्र कधी उभी राहिलीच नाहीत. एकेकटी येऊन गेली. त्या घरापुढे तर दोघांतलं कुणीच उभं राहिलं नाही. म्हणजे जगातलं सगळ्यांत ओळखीचं शेतकरी जोडपं हे जोडपं नव्हे, शेतकरी नव्हे, आणि त्या घरचंही नव्हे. आता ते चित्र नीट बघा. त्या माणसाच्या चेहऱ्यावर शेतकऱ्याची काळजी नाहीच. 'दाढ काढावी लागेल' असं सांगून झाल्यावर तुम्ही 'गोळीवर नाही का भागणार?' विचारता, तेव्हा डॉक्टर जसा बघतो, तसा तो बघतोय. काटा फक्त चिमट्याच्या जागी आला आहे.

'अमेरिकन गॉथिक' असं नाव देऊन वुडने हे चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या स्पर्धेत धाडलं. त्याला ब्राँझपदक आणि तीनशे डॉलर मिळाले, आणि चित्र संग्रहालयात राहिलं ते कायमचं. आयोवाच्या शेतकरणी खवळल्या. आम्ही काय अशा एरंडेल प्यायलेल्या तोंडाच्या आहोत का, म्हणून. एकीने तर चित्रकाराचा कान चावून तोडीन असं बजावलं म्हणतात. नॅनचं दुःख निराळंच. लोक तिला त्या म्हाताऱ्याची बायको समजायला लागले. मुलगी आहे ती, बायको नव्हे, हे बिचारी जन्मभर सांगत राहिली.

घराची मात्र चंगळ झाली. १९७४ साली अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत त्याचं नाव लागलं. १९९१मध्ये मालकाने ते राज्याच्या इतिहास संस्थेला देऊन टाकलं. शेजारी पर्यटकांसाठी केंद्र आहे. तिथे काळा कोट, ॲप्रन आणि काटा फोटोपुरता उसना मिळतो. भाच्याचा कोट तिथलाच. गंमत म्हणजे २०१४पर्यंत त्या घरात चक्क भाडेकरू राहत असत. म्हणजे तुम्ही सकाळी दात घासत खिडकीशी यावं आणि खाली वीस माणसं काटे घेऊन गंभीर उभी असावीत.

हे सगळं मी ग्रुपवर तीन भागांत लिहिलं. बोरिवलीच्या काकांनी तेवढा एकच प्रश्न विचारला, "क्षेत्रफळ?" मी शोधून कळवलं, पाचशे चौरस फुटांच्या आसपास. त्यावर काका म्हणाले, "कार्पेट की बिल्टअप?"

त्या खिडकीला वुड हसला, त्याला आमचा गेट दाखवायला हवा होता. आमची घाटकोपरची जुनी इमारत पुनर्विकासात गेली आणि तीन वर्षांचा शब्द देऊन बिल्डरने सात वर्षांनी तिच्या जागी बावीस मजली टॉवर उभा केला. फ्लॅट पूर्वीपेक्षा थोडे मोठे झाले, लिफ्टमध्ये आरसा आला, आणि गेटवर दोन ग्रीक खांब आले. वीस-बावीस फूट उंच, वर पानाफुलांची नक्षी, अथेन्सहून थेट लालबहादूर शास्त्री मार्गाने आल्यासारखे. पहिल्या दिवशी मी भक्तिभावाने एकावर हात ठेवला तर आतून डबा वाजावा तसा आवाज आला. फायबरचे आहेत. डाव्या खांबाला मागून एक झाकण आहे, त्यात वॉचमन आपली छत्री आणि दुपारचा डबा ठेवतो. त्या खांबांवर काहीही उभं नाही. पण ते नसते तर आमच्या इमारतीच्या नावात 'हाइट्स' लावायची कुणाची छाती झाली नसती.

म्हणून मला डिबल परका वाटत नाही. एकोणिसाव्या शतकात त्याने आयोवात जे केलं ते अंधेरीपासून मुलुंडपर्यंत आपण रोज करतोय. खाली खारी-टोस्टवाला, वर टस्कनी. मात्र त्याची खिडकी लाकडाची होती आणि खरी उघडत असे. आमचे खांब कशालाच उघडत नाहीत, वॉचमनचा डबा सोडला तर.

भाच्याच्या फोटोला उत्तर द्यायचं म्हणून एका रविवारी आम्हीही फोटो काढला. त्या खांबांमध्ये मी आणि बायको. माझ्या हातात सफाईवाल्या मावशींकडून मागून घेतलेला खराटा. बायको मुळीच तयार नव्हती; 'लोक काय म्हणतील' ही तिची हरकत, आणि लोक खरोखरच म्हणत होते. गंभीर चेहरा करायला तिला सांगावं लागलं नाही. वॉचमनने फोटो काढला. मावशी शेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "काका, खराटा उलटा धरलाय." तो उभा धरला होता, काट्यासारखा. पण खराटा ज्यांच्या हातात रोज असतो त्यांच्यापुढे कलेचं काय चालणार!

आता शिकागोचं बघा. हे चित्र ज्या संग्रहालयात टांगलेलं आहे, त्याची मुख्य इमारत १८९३च्या विश्वप्रदर्शनाच्या वेळी बांधलेली. त्याच इमारतीत तेव्हा सर्वधर्मपरिषद भरली आणि स्वामी विवेकानंद बोलले. हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्याच प्रदर्शनात हिंदुस्थानातून एका चित्रकाराची दहा चित्रं गेली होती आणि त्यांना बक्षिसं मिळाली होती, हे फारसं कुणी सांगत नाही. चित्रकार होते राजा रविवर्मा. आणि पुढच्याच वर्षी, १८९४ साली, या रविवर्म्यांनी मुंबईत रंगीत चित्रांचा छापखाना काढला. त्या छापखान्याचा मुक्काम होता आमच्या घाटकोपरला.

हे मला कळलं तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती. घाटकोपरला जन्मलो, भटवाडीच्या बैठ्या चाळीत वाढलो, छापखान्यात आयुष्य काढलं, आणि आपल्या धंद्याचा मूळपुरुष आपल्याच स्टेशनचा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत आम्हाला घाटकोपर या नावाची व्युत्पत्ती मात्र दोन वेगवेगळ्या मास्तरांनी दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितली होती.

त्या काळी घाटकोपर मुंबईत नव्हतंच. साष्टी तालुका ठाणे जिल्ह्यात. मुंबई उपनगर जिल्हा झाला १९२०मध्ये. एका अंगाला टेकड्या, दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि खाडी, मधून जीआयपीची गाडी. भातखाचरं, ताडाची झाडं, आणि त्यांच्यात जर्मनीहून आणलेली यंत्रं आणि जर्मन कारागीर! खाडीच्या दमट हवेत ते जर्मन कसे घामाघूम झाले असतील त्याची मला कल्पना आहे, कारण त्याच हवेत आमच्या छापखान्यात कागद पावसाळ्यात एक-दीड मिलिमीटर फुगायचा आणि चारही रंग चार दिशांना जायचे.

मुळात कल्पना टी. माधवराव यांची. त्रावणकोर आणि बडोद्याचे दिवाण राहिलेला माणूस. त्यांनी रविवर्म्यांना लिहिलं होतं, की तुमच्या चित्रांना मागणी अफाट आणि हात दोनच. काही चित्रं युरोपला पाठवून त्यांच्या छापील प्रती काढून घ्या. पुढे बडोद्याच्या सयाजीरावांसाठी रविवर्म्यांनी चौदा पौराणिक चित्रं केली आणि ती बघायला लोकांची रीघ लागली. तेव्हा युरोपला पाठवण्यापेक्षा इथेच छापावं, असं ठरलं. पहिलं चित्र निघालं शकुंतलेच्या जन्माचं. मग लक्ष्मी, सरस्वती, आणि त्यांच्या मागोमाग देवादिकांची सगळी बिऱ्हाडं.

ही छपाई शिळाप्रेसची. आपल्या जुन्या पोथ्या ज्याच्यावर छापल्या तीच जात, फक्त एकाऐवजी अनेक रंगांत. या तंत्राचा जनक आलोइस झेनेफेल्डर हा बव्हेरियाचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस एकदा आईने त्याला धोब्याच्या कपड्यांची यादी लिहून घे म्हणून सांगितलं, जवळ कागद नव्हता, म्हणून त्याने ती तेलकट शाईने एका गुळगुळीत दगडावर लिहिली आणि त्यातून त्याला ही युक्ती सुचली. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. तेल आणि पाण्याचं वाकडं, एवढंच या विद्येचं मर्म. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या चुनखडीवर तेलकट खडूने चित्र काढायचं, वर आम्ल-डिंकाचं पाणी फिरवायचं, मग दगड ओला करून शाईचा रूळ चालवायचा. जिथे रेघ तिथे शाई धरते, जिथे ओल तिथे धरत नाही.

एका रंगाला एक दगड. लक्ष्मीच्या साडीचा लाल एका दगडावर, पाण्याचा निळा दुसऱ्यावर, अंगकांतीच्या छटांना आणखी दोन-चार. एकाच कागदाने या सगळ्या दगडांच्या भेटी घ्यायच्या, आणि प्रत्येक वेळी केसाइतकाही न हलता. याला आम्ही 'रजिस्टर' म्हणतो. रजिस्टर हललं की देवीचे ओठ हनुवटीवर येतात. शिवाय दगडावर सगळं उलटं काढायचं. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे, तेव्हा कुठे कागदावर सुलटं उतरतं. नवशिक्या कारागिराने हे विसरून चित्र सुलटंच उतरवलं, तर छापलेला देव डावखुरा व्हायचा. शेवटी वरून वार्निश, आणि कॅनव्हासचा पोत उठवलेला दाब, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की तैलचित्रच आहे.

एका चित्राच्या प्रती काढून झाल्या की तोच दगड वाळू-पाणी घालून घासायचा. कालचा देव धुऊन जातो, दगड कोरा, त्यावर उद्याचा देव. घाटकोपरला जमिनीचंही असंच चालतं. आमच्याच प्लॉटवर आधी वाडी, मग बैठी चाळ, मग चार मजली इमारत आणि आता हे ग्रीक खांब. रविवर्म्यांचा छापखाना तरी कुठे टिकला? १८९६च्या सप्टेंबरात मांडवीला प्लेगचा पहिला रोगी सापडला आणि वर्षा-दोन वर्षांत मुंबईतून ज्याला शक्य तो पळत सुटला. छापखान्यानेही १८९९मध्ये बिऱ्हाड हलवलं ते मळवलीला, लोणावळ्याच्या पुढच्या स्टेशनाला, कार्ल्या-भाज्याच्या लेण्यांच्या कुशीत. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानेच विकत घेतला. दादासाहेब फाळके याच छापखान्याची कामं करत हात बसवत गेले आणि मग देवांना त्यांनी पडद्यावर चालायला लावलं. १९७२ साली मळवलीच्या छापखान्याला आग लागली आणि उरलंसुरलं गेलं.

एका शनिवारी मी बायकोला म्हटलं, "चल, रविवर्म्यांचा छापखाना शोधू." ती म्हणाली, "येताना कोथिंबीर घ्यायचीय." त्या बोलीवर आम्ही निघालो.

महात्मा गांधी रोडवर एका जुन्या फ्रेमवाल्याला विचारलं. देवाच्या तसबिरी विकणारा माणूस. त्याच्या दुकानात त्या क्षणी किमान बारा लक्ष्म्या होत्या. "रविवर्मा? कोणती विंग?" त्याने विचारलं. पुढे झेरॉक्सवाला. 'जुना छापखाना' म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले. "किती कॉपी काढायच्यात?" पूर्वेला हिंगवाला लेनच्या तोंडाशी बाकावर बसलेल्या एका गुजराती आजोबांनी मात्र शांतपणे सगळं ऐकून घेतलं. शकुंतला, जर्मन, प्लेग, सगळं. मग म्हणाले, "अठरासो चौराणू? तवा तर मी पण नव्हतो." त्यांनी ज्या सुरात हे सांगितलं त्यावरून, असते तर नक्की दाखवलं असतं, याबद्दल मला शंका नाही. कोथिंबीर वीसला जुडी मिळाली.

एल्डनला घर जागच्या जागी आहे आणि चित्र तिथून साडेतीनशे-चारशे किलोमीटरवर शिकागोत. माणसं घर बघायला जातात आणि चित्र आठवतात. आमच्याकडे चित्र बघायला कुठे जावंच लागत नाही. लक्ष्मी किराणामालाच्या दुकानात आहे, सोनाराकडे आहे, रिक्षाच्या आरशाशी आहे. साबणवाल्यांनी तिला जाहिरातीत उभी केली, काडेपेटीवाल्यांनी काडेपेटीवर. मी स्वतः तिला वीस कॅलेंडरांत छापली आहे. दर दिवाळीला पतपेढीचे संचालक प्रूफ बघून म्हणायचे, "नाणी थोडी जास्त पडू देत."

आमच्या घरातली लक्ष्मी मात्र जुनी आहे, आजीची. लग्न होऊन पेणहून घाटकोपरला आली तेव्हा तिच्या ट्रंकेत दोन लुगडी, एक परात आणि ही तसबीर होती. आजी तिला 'राजाची लक्ष्मी' म्हणायची. साडीच्या काठावर आजीने खरी जर चिकटवली होती, मुकुटावर टिकल्या. पावलांशी काचेवर साठ वर्षांच्या हळदीकुंकवाच्या बोटांचा एक थर जमला होता, तो काच बदलली तेव्हा गेला आणि बायकोला आठवडाभर चुकल्यासारखं होत होतं.

शोधमोहीम फसल्यावर मी ती तसबीर खाली काढली. छापखान्यातलं भिंग, आम्ही त्याला लूप म्हणतो, अजून माझ्या खणात आहे. ते देवीच्या गालावर टेकवलं आणि वाकलो. आमच्या ऑफसेटचे ठिपके शिस्तीचे असतात. कवायतीला उभे केल्यासारखे, ओळीने, फुलाफुलांचे. इथे तसं नव्हतं. ठिपके होते, पण एक मोठा, एक बारीक, एक लांबट, नाकाच्या वळणावर दाट, गालावर विरळ. कुणीतरी हाताने टिपले होते. गुलाबी रंगाच्या दगडावर फक्त गुलाबीचे, पिवळ्यावर पिवळ्याचे, तेही उलटे. मी डाव्या भुवईपर्यंत पोचलो तोवर मान आखडली होती. देवीचा एक गाल म्हणजे एका माणसाचे किती दिवस असतील, याचा मी छापखान्याच्या दराने हिशेब करायला लागलो आणि सोडून दिला.

मग आठवलं, अशा चित्रांच्या तळाशी समासात छापखान्याचं नाव आणि गाव असतं. घाटकोपर असेल का? हात जरा थरथरतच मी मागचे खिळे काढले, पुठ्ठा उचलला. समास नव्हता. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी कुणा फ्रेमवाल्याने चित्र चौकटीत बसावं म्हणून खालची पट्टी सरळ कापून टाकली होती. कापणं इतकं सफाईदार, की एक अक्षरही शिल्लक ठेवलं नव्हतं. पुठ्ठ्याच्या मागे आजीच्या हातची पेन्सिल होती, 'दूध २ शेर'.

तसबीर पुन्हा टांगायची म्हटली तर नवाच घोळ. जुन्या घरात विटांच्या भिंती. खिळा ठोकला की प्लॅस्टरचा खपला पडायचा पण खिळा बसायचा. नव्या टॉवरच्या भिंती मायवानच्या. ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेलं सलग काँक्रीट. पहिला खिळा वाकला, दुसरा उडून फ्रीजखाली गेला, तिसऱ्याला माझा अंगठा लागला. चार दिवस लक्ष्मी जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसून होती आणि आम्ही तिला पाठ होऊ नये म्हणून तिरके बसून जेवत होतो.

शेवटी ड्रिलवाला बोलावला. पंचविशीचा मुलगा, संगमनेरकडचा. दारातच चपला काढल्या, मशीन जमिनीवर ठेवलं आणि आधी खुर्चीला हात जोडले. मग भोक पाडलं, गिट्टी ठोकली, स्क्रू फिरवला, आणि तसबीर लावून दोन पावलं मागे सरला.

"जराशी डावीकडे कललीय," मी म्हणालो. सवय.

त्याने सरळ केली. पण तो बघतच राहिला. "काका, आमच्या गावच्या घरी पण हीच आहे. आज्याच्या वेळची. पण हत्ती..." त्याने हवेत हात केला, मग दुसरा हात केला. "आमचा हत्ती हिकडंय का तिकडं?"

माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे कुठल्या तरी आडगावच्या शिळाप्रेसमध्ये कुणी तरी ही लक्ष्मी समोर ठेवून दगडावर सुलटीच उतरवली असणार! असला उलटा छाप मी तीस वर्षांत नुसता ऐकून होतो. "नक्की तिकडे? नीट आठव," मी म्हणालो. बायको आतून पैसे घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.

"थांबा, आईला इचारतो." त्याने फोन लावला, स्पीकरवर टाकला. "आई, देव्हाऱ्यातली लक्ष्मी हाय ना, तिचा हत्ती कुठल्या बाजूला गं?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. पावलं वाजली. कोंबडी ओरडली. बराच वेळ काही नाही. आम्ही तिघं भिंतीकडे तोंड करून उभे.

"कुठल्या म्हंजे?" आई म्हणाली. "माझ्या, का देवीच्या?"